तक् को कोङ् ची

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मार्च २०२३. हाँगकाँगमधली मास्कची सक्ती त्याच महिन्याच्या १ तारखेला उठली होती, आणि अडीच वर्षांहून जास्त काळानंतर शेजारच्या आजींचा पूर्ण चेहरा मला दिसत होता. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारी कोवळी पिवळी फुलं. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘ङो होक् कन् क्वोङ् तुङ् वा’, म्हणजे मी कँटनीज, इथली चिनी बोली, शिकतेय. आणि पुढे इंग्रजीत सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मी तुमच्याबरोबर मंडईत येणार आहे. त्यांना मोजकं इंग्रजी कळतं. त्या हसल्या, माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाल्या, ‘तक् को कोङ् ची.’

मजला आला, त्या उतरल्या, मीही उतरले. दार उघडून आत आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि थेट शब्द पाठ करायच्या माझ्या कार्डांचा डबा काढला. चारही शब्द त्यात होते. तक् म्हणजे मिळणं, किंवा ‘एवढंच असणं’. को हा मोजणीचा शब्द, आपल्या ‘नग’सारखा. कोङ् म्हणजे बोलणं. ची म्हणजे अक्षर. कँटनीजमध्ये सूर बदलला की शब्द बदलतो, आणि प्रत्येकाचा सूर मला पाठ होता: पहिला, तिसरा, दुसरा, सहावा. चारही कार्डं टेबलावर ओळीने मांडली आणि तेव्हा अर्थ लागला. हाती काय आलं, तर ‘बोलणे’ हे एक अक्षर. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

मला ते लागलं. आजींनी टोमणा मारला नव्हता. आपल्याकडे एखादी मोठी बाई ‘म्हणतेस गं नुसतं’ असं मायेने म्हणते, त्याच सुरात त्या बोलल्या होत्या. पण हे वाक्य मी त्यांना दोन वर्षांत किती वेळा ऐकवलं होतं ते मला आठवलं. दर वेळी तेच वाक्य, तेच हसू, आणि मग इंग्रजी.

आम्ही नाशिकहून इथे आलो २०१६ मध्ये, नवऱ्याच्या नोकरीमुळे. घर हुंग होम या भागात. पहिली चार वर्षं कँटनीजवाचून काहीच अडलं नाही, आणि हीच या शहराची अडचण आहे. २०२१च्या जनगणनेत सुमारे ८८ टक्के लोकांनी आपली रोजची भाषा कँटनीज सांगितली आहे. तरीही इंग्रजीवर इथे जन्म काढता येतो. मेट्रोच्या पाट्या इंग्रजीत, बँकेची कागदपत्रं इंग्रजीत, डॉक्टर इंग्रजीत बोलतो. दुकानात यंत्रावर पैसे भरायचं ऑक्टोपस कार्ड टेकवलं की ‘टुट’ होतं आणि आपण बाहेर. माझ्या मुलाच्या शाळेत मँडरिन, म्हणजे चीनची अधिकृत भाषा शिकवतात, जी आमच्या घराखालच्या गल्लीत कुणी बोलत नाही. मला हे पहिल्यापासून खटकायचं. ज्या गावात राहतो त्या गावाची भाषा आपल्या तोंडात नसावी, हे माझ्या घरच्या वळणात बसत नव्हतं. माझे आजोबा रेल्वेत होते, बदली होईल तिथली भाषा शिकायचे.

म्हणून २०२० मध्ये, सगळं बंद असताना, एका संस्थेचा ऑनलाइन वर्ग लावला. शिक्षक मनापासून शिकवायचे. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही, वर्गाच्या घडणीबद्दल थोडी आहे. आठवड्यातून दोन तास, पडद्यावर पंधरा चौकोन, आणि बोलायची पाळी आली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं. उरलेला वेळ तक्ते. मला तक्ते आवडतात, अकाउंट्सचं काम करणारी बाई मी. सहा सुरांचा तक्ता मी रंगीत करून भिंतीवर लावला. पहिला उंच आणि सपाट, दुसरा वर चढणारा, तिसरा मधला सपाट, चौथा खाली उतरणारा, पाचवा खालून थोडा वर येणारा, सहावा खालचा सपाट. एकच ‘सी’ या सहा सुरांत म्हटलं की अनुक्रमे कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि गोष्ट. लक्षात ठेवायला आकड्यांची एक युक्ती असते: ३-९-४-०-५-२. हे सहा आकडे कँटनीजमध्ये ओळीने म्हटले की पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळे सूर आपोआप येतात. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ मध्ये तयार केलेली ‘य्युत् फिङ्’ ही रोमन लिपीतली लेखनपद्धत मी पंधरा दिवसांत हातात बसवली. जुने लोक नऊ सूर का मोजतात आणि नवे सहा का, यावर मी नवऱ्याला जेवताना अर्धा तास सांगू शकत होते. आणि सांगायचे.

देवनागरीने मला फार हात दिला, हे मुद्दाम लिहिते, कारण इथे येणाऱ्या मराठी माणसाला हे कुणी सांगत नाही. रोमन लिपीत ज्याला ‘जी’ लिहितात तो खरं तर आपला क आहे आणि ‘के’ लिहितात तो ख. तसंच त आणि थ, प आणि आपला खरा, ओठ मिटून म्हटलेला फ. वर्गातल्या इंग्रज मुलीला या जोड्या महिनाभर वेगळ्या ऐकू आल्या नाहीत, मला पहिल्या दिवशी आल्या. अ आणि आ यांतला फरक तर जसाच्या तसा आहे: ‘सम्’ म्हणजे हृदय, ‘साम्’ म्हणजे तीन, ‘कय्’ म्हणजे कोंबडी, ‘काय्’ म्हणजे रस्ता. ‘ची’तला च आपल्या चमच्यातला. आणि ङ! शाळेत क ख ग घ म्हणताना आपण ज्याच्यावरून घसरून पुढे जातो, ‘वाङ्मय’ सोडलं तर ज्याची कधी गाठ पडत नाही, त्या ङ-ने या भाषेत ‘मी’ सुरू होतं: ङो. पाच या आकड्यात तर स्वरच नाही, नुसता ङ्. मी वहीत तो अनुस्वारासारखा नाकात लांबवून म्हणत बसायचे आणि मला आपली बाराखडी एकदम मोठी झाल्यासारखी वाटायची.

दोन वर्षांत दोन परीक्षा पास झाले. डब्यात आठशे कार्डं झाली. आणि मंडईत गेले की मी पालेभाजीकडे बोट दाखवायचे, विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून तो माझ्याकडे वळवायची, मी पैसे द्यायचे. दोन्ही बाजूंनी मान हलायची. तोंडावर मास्क, त्यामुळे कुणी हसलं तरी कळायचं नाही.

आजींचे चार शब्द घेऊन मी त्या आठवड्याच्या वर्गात गेले. शिक्षकांना विचारलं, पुस्तकात आपण ‘ची सेओङ् थाम् पिङ्’ शिकलो, कागदावर युद्धाच्या गप्पा. तेच का हे? ते म्हणाले, अर्थ जवळचा, पण ती निबंधातली म्हण आणि ही स्वयंपाकघरातली. मग त्यांनी आम्हाला कागदावरच्या युद्धाची मूळ गोष्ट पुन्हा सांगितली. इ.स.पूर्व २६०, छांगफिंगची लढाई, झाओ आणि छिन ही दोन राज्यं. झाओच्या बाजूला झाओ ख्वो नावाचा तरुण, युद्धशास्त्र तोंडपाठ. स्वतः सेनापती असलेला बापही वादात त्याला हरवू शकत नसे, पण त्याला चांगलंही म्हणत नसे. जिवावरची गोष्ट हा सहज बोलून टाकतो, एवढंच त्याचं म्हणणं. राजाने अनुभवी ल्येन फोला काढून या मुलाला नेमलं, तेव्हा त्याच्या आईने राजाला कळवलं, याला पाठवू नका. राजा ऐकेना. मग तिने एवढंच मागितलं की उद्या काही विपरीत झालं तर घरच्यांना शिक्षा नको. मुलगा लढाईत मेला, आणि त्याच्याबरोबर चार लाखांहून जास्त सैनिक गेल्याची नोंद जुन्या इतिहासात आहे. ‘कागद’ हा शब्द म्हणीत मागाहून आला असणार, त्या काळी तिकडे बांबूच्या पट्ट्यांवर लिहीत. मला त्या आईपाशी थांबायला झालं. ती युद्धशास्त्रातलं काही बोलली नाही, घरात पाहिलेलं बोलली: बाप बक्षीस मिळालं की सैनिकांत वाटून टाकायचा, मुलगा घरी आणून ठेवतो.

पण मला आत हलवलं ते आजींच्या शब्दांनी. झाओ ख्वोची म्हण मला दीड वर्ष येत होती, तिने माझं काही बिघडवलं नव्हतं. तीही एक कार्डच होती.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसातला मी आजींची बेल वाजवली. त्या काही बोलल्या नाहीत, चपला घातल्या. मी मोबाइल घरी ठेवला होता. वही पण नाही.

हुंग होमची मंडई म्हणजे बांधीव इमारत आहे, आत ओल्या फरशा, गाळ्यांवर लाल शेडचे दिवे. त्या लाल उजेडात मांस ताजं दिसतं आणि टोमॅटो जास्तच लाल. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर मार्करने भाव लिहिलेले. आजींनी मला त्यांच्या रोजच्या भाजीवालीसमोर उभं केलं आणि दोन पावलं मागे सरल्या. भाजीवाली पन्नाशीची, हातात रबरी मोजे, पुढ्यात पाण्याने चमकणाऱ्या जुड्या. ‘लेङ् लय्!’ ती म्हणाली. म्हणजे सुंदर मुली. इथे प्रत्येक गिऱ्हाइकाला असंच म्हणतात, जसं आपल्याकडे ‘या ताई’. ‘यिउ केय तो आ?’ किती हवं?

मी वाक्य घरून तयार करून नेलं होतं. मला भाजी विकत घ्यायची आहे. ङो सेओङ् माय छॉय.

ती थांबली. मग मोज्यातलं बोट माझ्या छातीकडे करून म्हणाली, ‘लेय माय’, आणि ‘माय’ खालून वर उचलला, बरोबर हनुवटीही थोडी उचलली. मग तेच बोट स्वतःकडे वळवून, ‘ङो माय’, आणि हा ‘माय’ खाली जमिनीवर सपाट ठेवला, तळहात गाळ्याच्या फळीवर ठेवल्यासारखा. तू घेतेस, मी विकते. घेणं हा पाचवा सूर, विकणं हा सहावा. मी तिला सांगितलं होतं की मला भाजी विकायची आहे.

हे दोन शब्द माझ्या तक्त्यात शेजारी शेजारी होते. परीक्षेत या जोडीवर प्रश्न आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता. पण पाचवा सूर कुठून निघतो ते मला त्या मोज्यातल्या हातावर दिसलं. मी पुन्हा म्हटलं. तिने मान हलवली, नाही. पुन्हा. मागे एक बाई उभी होती, तिनेही म्हणून दाखवलं. चौथ्यांदा की पाचव्यांदा भाजीवाली म्हणाली ‘हय् ला!’, हो ना, तेच, आणि छॉय समची, म्हणजे त्या पिवळ्या फुलांच्या पालेभाजीची, जुडी काट्यावर टाकली. वर कांद्याच्या पातीच्या दोन काड्या फुकट. माझे डोळे भरून आले होते. आजी मागे उभ्या राहून बांगड्याच्या जातीचे मासे बघत होत्या, मुद्दाम, मला वाटतं.

त्यानंतर रोज गेले. पाऊस असो, मुलाची परीक्षा असो. घरी येऊन कार्डं उघडायची नाहीत, एवढा एकच नियम.

पहिले तीन आठवडे नुसते आकडे. आकडे मला यायचे, पण मंडईतले आकडे वेगळे निघाले. पुस्तकात बावीस म्हणजे ‘यी सप् यी’, दोन-दहा-दोन. मंडईत ‘या यी’. पंचवीस डॉलर म्हणजे ‘या ङ् मन्’. साडेसात डॉलर म्हणजे ‘छत् को पुन्’. आणि नुसतं ‘को पुन्’ म्हटलं की दीड! इंग्रजीला नसलेला आपला दीड या भाषेला आहे हे कळल्यावर मी तिथेच ‘दीड, दीड’ असं मराठीत मोठ्याने म्हटलं. वजनाचंही तसंच. भाव असतो ‘कन्’चा, म्हणजे कॅटी, सुमारे ६०५ ग्रॅम. एका कॅटीचे सोळा ‘लेओङ्’. (हा स्वर देवनागरीत लिहिता येत नाही, ओठ गोल करून ए म्हणायचा.) शेराचे सोळा छटाक. माझी आजी अदपाव, छटाक असं मोजायची, दशमान पद्धत आल्यावरही बरीच वर्षं. त्यामुळे अर्धा कॅटी म्हणजे आठ लेओङ् हे मला हिशोब न करता कळलं. ‘पुन् कन् पात् लेओङ्’, अर्धा कॅटी आणि आठ लेओङ्, अशी तर म्हणच आहे, दोघे सारखेच या अर्थाची.

दहा हा शब्द मला सगळ्यांत जड गेला. सप्. आपण शेवटचा प् म्हटला की ओठ उघडतो, बारीकसा अ सुटतो. साप, माप. कँटनीजमध्ये ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात, आवाज ओठांमागे संपतो. वर्गात हे ऐकून कळलं नव्हतं, कारण ऐकण्यासारखं त्यात काही नसतंच. मास्क होते तोवर दिसलंही नव्हतं. एप्रिलच्या त्या सकाळी भाजीवाली ‘सप् मन्’ म्हणाली आणि मी तिच्या ओठांकडे बघत होते: मिटले, अर्धा क्षण तसेच राहिले, आणि त्याच मिटल्या ओठांतून पुढचा म निघाला. दहा डॉलर. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. सप् मन्. सप् मन्. तोंड मिटायला शिकत होते.

सुरांबद्दलही एक गोष्ट तिथेच उमगली. तीन सपाट सूर, उंच, मधला आणि खालचा, एकेकटे ऐकले तर ओळखता येत नाहीत. आजींचा आवाज जाड, भाजीवालीचा टिपेचा; भाजीवालीचा खालचा सूर आजींच्या मधल्याच्याही वर लागतो. मी लहानपणी चार वर्षं गाणं शिकले होते. बाई म्हणायच्या, कुणाचंही गाणं ऐकताना आधी त्याचा सा शोध. कुणाची पट्टी काळी एक, कुणाची काळी पाच. इथेही तेच करायला लागले. समोरचा माणूस बोलायला लागला की पहिलं वाक्य अर्थासाठी ऐकायचंच नाही, नुसता त्याचा सा धरायचा. दुसऱ्या वाक्यापासून शब्द उलगडतात. भिंतीवरचा रंगीत तक्ता मी जूनमध्ये उतरवला. चुकीचा नव्हता. पण त्याच्यातल्या रेघा कुणाच्याच आवाजात नव्हत्या.

भाज्यांची नावं तर पूर्ण नव्याने शिकावी लागली. कारलं पुस्तकात ‘फू क्वा’, कडू फळ. मंडईत कुणी तसं म्हणत नाही, कारण ‘फू’ म्हणजे कडू आणि तोच दुःखालाही शब्द. मंडईत ते ‘लेओङ् क्वा’, थंडाव्याचं फळ. दोडक्याचं पुस्तकी नाव ‘सी क्वा’, पण त्यातला ‘सी’ हरण्याच्या शब्दासारखा वाजतो, म्हणून दोडका झाला ‘सिङ् क्वा’, जिंकणारं फळ. रिकाम्या घराला इथे ‘कत् उक्’, शुभ घर म्हणतात, कारण रिकामं म्हणजे ‘हुङ्’ आणि अशुभ म्हणजेही ‘हुङ्’. हाती काहीच न लागणं याला ‘तक् को कत्’. आजींचंच वाक्य, फक्त ‘बोलण्या’च्या जागी ‘शुभ’. नारळ फोडला न म्हणता वाढवला म्हणणाऱ्या, निघताना ‘येते’ म्हणणाऱ्या घरातली मी. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आजींनी एकदा कारलं उचलून ‘फू’ म्हणत तोंडावर हात ठेवला, तेवढ्यात कळलं.

मे महिन्यात एका गाळ्यावर लाल देठांची, मधे जांभळट डाग असलेली पानं दिसली. लाल माठ. मी सात वर्षं त्याच्या समोरून चालत गेले होते. ‘मे लय् का?’ विचारलं, हे काय आहे? यिन् छॉय. माझ्या आठशे कार्डांत ‘राजदूत’ होता, ‘अर्थव्यवस्था’ होती, यिन् छॉय नव्हता. त्या दिवशी लसूण ठेचून, थोडं दाण्याचं कूट घालून माठाची भाजी केली आणि वाटीभर आजींना दिली. त्यांनी चव घेऊन काय म्हटलं त्यातलं निम्मंच मला कळलं, पण वाटी रिकामी परत येताना तिच्यात चार संत्री होती.

मला स्वतःला सर्वांत मोलाचं वाटतं ते वाक्यांच्या शेपटांचं. कँटनीज वाक्य संपताना एखादं बारीक अक्षर येतं: आ, ला, लो, वो, चा. वर्गात यांचा दोन पानी तक्ता होता, प्रत्येकापुढे अर्थ: ‘विनंती’, ‘स्मरण’, ‘मर्यादा’. मी तो पाठ केला होता आणि एकही शेपूट कधी वापरलं नव्हतं, कारण कुठे लावायचं तेच कळेना. मंडईत दोन महिने गेल्यावर एके दिवशी भाजीवाली आजींना सांगत होती की समोरचा मासेवाला उद्या येणार नाही, आणि वाक्याच्या शेवटी तिने खालून वर उचललेला ‘वो’ लावला. माझ्या डोक्यात लगेच मराठी उमटलं: उद्या नाही येणार म्हणे. ‘म्हणे’! पाचव्या सुरातला वो म्हणजे आपलं ‘म्हणे’. मी सांगत नाही, मी ऐकलंय. मग बाकीचे धडाधड लागत गेले. ‘ला’ म्हणजे ‘घे ना’ मधला ना. ‘लो’ म्हणजे ‘हो की’ मधला की. ‘चा’ म्हणजे ‘एवढंच’ मधला च. ज्या भाषेत ये ना, ये की, ये हं, ये बरं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, ती बोलणाऱ्या बाईला हा तक्ता कधीच लागला नसता. तिला दोन महिने गाळ्यापाशी उभं राहायला हवं होतं.

सगळं जमलं असं नाही. तिसरा आणि सहावा सूर माझे अजून एकमेकांत मिसळतात. टीव्हीवरच्या बातम्या निम्म्या डोक्यावरून जातात, कारण त्या लेखी भाषेच्या जवळच्या असतात आणि इथली लेखी भाषा बोलीपासून फार लांब आहे. ‘नाही’ला तोंडात ‘म्’, कागदावर वेगळंच अक्षर. ‘तो’ला तोंडात ‘खय’, कागदावर पुन्हा वेगळं. ऑगस्टमध्ये एका फळवाल्याने माझं वाक्य अर्ध्यात तोडून इंग्रजी सुरू केलं, त्याची घाई होती. मी इंग्रजीत उत्तर दिलं नाही. कँटनीजमध्येच पुढे बोलत राहिले, चुकत. दुसऱ्या आठवड्यात तो स्वतःहून कँटनीजमध्ये बोलला.

आणि वर्ग मी सोडला नाही. हे लिहिणं गरजेचं वाटतं, कारण हे ऐकून काही मैत्रिणी म्हणाल्या, म्हणजे क्लास फुकट. फुकट नव्हता. तक् को कोङ् ची हे चार शब्द लिफ्टमध्ये माझ्या कानावर पडले तेव्हा मला ते चार वेगळे शब्द म्हणून ऐकू आले, घरी येऊन काढून मांडता आले, हे वर्गानेच दिलं. झाओ ख्वोलाही युद्धशास्त्र येत होतं हा त्याचा दोष नव्हता. पण मी आता वर्गात मंडईतून प्रश्न घेऊन जाते, आणि शिक्षकांना ते आवडतं. ‘को पुन्’वर त्यांनी एक पूर्ण तास घेतला.

आजींना मी कधी विचारलं नाही की त्या दिवशी तुम्ही मुद्दाम म्हणालात का. सप्टेंबरात मात्र एक झालं. त्यांची मुलगी आली होती, लिफ्टमध्ये आम्ही तिघी. मुलगी आईला म्हणत होती की या वर्षी मी नक्की व्यायाम सुरू करणार. आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘तक् को कोङ् ची’, आणि शेवटी एक ‘चा’ लावला. आजींनी माझा दंड धरला तो तळमजला येईपर्यंत सोडला नाही.

गेल्या हिवाळ्यात आजी त्यांच्या मुलीकडे राहायला गेल्या, न्यू टेरिटरीजमध्ये, हाँगकाँगच्याच उत्तरेकडच्या भागात. गुडघे दुखतात, आमच्या इमारतीची लिफ्ट वरचेवर बंद पडते. मंडईत मी एकटी जाते. रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. फोनवर ओठ दिसत नाहीत, हनुवटी दिसत नाही, नुसता तो जाड आवाज. पहिलं वाक्य मी त्यांचा सा धरण्यात घालवते, आणि ते वाक्य दर वेळी एकच असतं म्हणून चालतं: ‘सिक् चो फान् मेय आ?’ जेवलीस का?

या रविवारी म्हटलं, अजून नाही, आत्ताच छॉय सम घेऊन आलेय. कितीला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, या यी मन्, कॅटीला बावीस.

‘क्वय् चो वो,’ त्या म्हणाल्या. महाग झाली की गं. आणि मग मला रस्त्याच्या पलीकडच्या टोकाच्या गाळ्यावर जायला सांगितलं, तिथे सकाळी आठच्या आत गेलं तर स्वस्त मिळते. या सांगण्याच्या शेवटी ‘म्हणे’चा वो होता, म्हणजे हे त्यांना कुणाकडून तरी कळलंय. उद्या जाऊन बघते.